ऐकून घेतल्याची खूण

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, धडगावच्या परिसरातील एका शाळेत आम्ही 'ध्वनी' या विषयावर बोलायला गेलो होतो. वर्ग सातवीचा होता. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, असे का? हा नेहमीचाच प्रश्न आम्ही विचारला. तिसऱ्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. तिने दोन-तीन शब्द उच्चारले, थांबली आणि जमिनीकडे पाहू लागली. "हं, सांग, सांग," असे म्हणून आम्ही तिला उत्तेजन दिले आणि ती बोलत नाही असे पाहून उत्तर स्वतःच देऊन टाकले. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, वगैरे. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तास चांगला झाला, अशा समजुतीने आम्ही बाहेर पडलो.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने तासाचे ध्वनिमुद्रण केले होते. संध्याकाळी ते ऐकताना बरोबर एक स्थानिक शिक्षक होते. पावरी ही त्यांची घरची बोली. त्या जागेवर त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवले आणि म्हणाले, "सर, ती गप्प नव्हती. ती बोलायला लागली होती." मुलीने सुरुवात पावरीत केली होती. तिचे म्हणणे असे काहीसे होते, की आवाज एकदा येऊन थांबत नाही. आधी मागच्या डोंगरातून येतो, मग नदीपलीकडच्या. पुढचे काही कळत नव्हते, कारण पुढे आमचाच आवाज होता. तिचे थांबणे आणि आमचे बोलणे यांतील अंतर आम्ही घड्याळ लावून मोजले. ते एक सेकंदही भरले नाही.

आमच्या प्रश्नापेक्षा तिचे निरीक्षण अधिक मोलाचे होते. वीज ही काही किलोमीटर लांबीची, वाकडीतिकडी ठिणगी असते. तिच्या जवळच्या भागातील आवाज आधी पोहोचतो, दूरच्या भागातील नंतर. त्यात डोंगरांवरून परावर्तित झालेले आवाज मिसळतात. म्हणूनच एका 'कडाड्'नंतर लांबत जाणारा गडगडाट ऐकू येतो. दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या मुलीला हे कानाने ठाऊक होते. ध्वनीवर शिकवायला आलेल्या आम्हाला मात्र तिचे म्हणणे ऐकू आले नाही.

हा लेख गडगडाटावर नाही, त्या एका सेकंदावर आहे.

ऐकू येणे, ऐकणे आणि ऐकून घेणे

मराठीत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'ऐकू येणे' हे कानाचे काम. ध्वनिलहरींनी कानाचा पडदा कंप पावतो, मधल्या कानातील तीन चिमुकली हाडे तो कंप आत पोहोचवतात आणि अंतःकर्णातील, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत असलेल्या सुमारे पंधरा हजार केशपेशी त्याचे विद्युत-संदेशांत रूपांतर करतात. हे आपोआप होते. मात्र त्यासाठी आवाज पुरेसा स्पष्ट पोहोचावा लागतो. वर्गातील पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली केली. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असताना तास घेणाऱ्या शिक्षकांना ही मर्यादा किती दूरची आहे हे सांगायला नको. त्यातून जी भाषा घरची नाही, ती गोंगाटात समजणे अधिकच कठीण जाते.

'ऐकणे' या शब्दाला आपण आणखी एक अर्थ चिकटवला आहे. "हा मुलगा अजिबात ऐकत नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांची तक्रार करत नसतो. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढेच म्हणायचे असते. शाळेत ऐकण्याचे काम मुलांचे आणि सांगण्याचे शिक्षकांचे, ही वाटणी या एका शब्दात पक्की होऊन बसली आहे.

तिसरी गोष्ट 'ऐकून घेणे'. यात घेणारा कोणी तरी आहे आणि देणाराही आहे. येथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. ऐकू आले की नाही, हे ऐकणारा सांगू शकतो. पण ऐकून घेतले गेले की नाही, हे केवळ बोलणाराच सांगू शकतो. आमची त्या दिवशी खात्री होती, की आम्ही त्या मुलीला भरपूर संधी दिली. या बाबतीत आमच्या खात्रीला काही किंमत नव्हती. किंमत होती ती तिला काय वाटले याला. आणि तिला काय वाटेल, हे आपल्या मनातील सद्भावनेवर ठरत नाही. तिला ज्या खुणा दिसतात त्यांवर ठरते. या खुणा कोणत्या, हे गेल्या काही दशकांत बऱ्याच काळजीपूर्वक तपासले गेले आहे.

पहिली खूण : थांबणे

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफितींचा अभ्यास केला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर प्रश्न पुन्हा विचारला जाई, दुसऱ्या मुलाकडे जाई किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देत. मूल बोलायचे थांबले, की शिक्षकांची प्रतिक्रिया येण्यासही सुमारे एकच सेकंद लागे. म्हणजे थांबण्याच्या जागा दोन : प्रश्नानंतरची आणि मुलाच्या उत्तरानंतरची. ही दोन्ही अंतरे तीन सेकंदांपर्यंत वाढवण्याचा सराव शिक्षकांनी केला, तेव्हा मुलांची उत्तरे कित्येक पटींनी लांबली. "माहीत नाही" म्हणणारे कमी झाले. न विचारता बोलणारी मुले वाढली आणि मुलेच प्रश्न विचारू लागली. 'कच्ची' समजली जाणारी मुले बोलू लागली, हे विशेष. शिक्षक हुशार मुलांसाठी जास्त आणि कच्च्या मुलांसाठी कमी थांबतात, असेही रो यांना आढळले होते. ज्याला वेळेची गरज अधिक त्यालाच तो कमी मिळत होता.

आपण थांबत का नाही? यात उद्धटपणा नाही, सवय आहे. दहा वेगवेगळ्या भाषांतील संभाषणे मोजून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी जेमतेम एक पंचमांश सेकंद जातो. आता, समोर दाखवलेल्या चित्रातील वस्तूचे नुसते नाव उच्चारायलाही आपल्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ उघड आहे. समोरचा माणूस बोलत असतानाच आपण आपले उत्तर जुळवत असतो. रोजच्या गप्पांत हे चालून जाते. शिकवताना मात्र तीच सवय आडवी येते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या तीन सेकंदांचे मोल आणखी वाढते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. पावरी, भिलोरी, देहवाली, मावची, नोइरी या आणि इतर बोली घरोघर बोलल्या जातात. शाळेत मराठीतून प्रश्न कानी पडला, की मुलाला तो आधी समजून घ्यावा लागतो, मग उत्तर शोधावे लागते, मग त्याची मराठी करावी लागते आणि ती चुकली तर हसू होईल का, हेही पाहावे लागते. ही चार कामे एका सेकंदात कशी व्हावीत? अशा मुलाचे मौन आपण 'येत नाही' या रकान्यात टाकतो. दहा-पंधरा वेळा असे झाले, की मूल प्रयत्न सोडून देते. आणि ज्याला शाळेत कोणी विचारत नाही, ते मूल एक दिवस शाळेतही दिसत नाही.

नर्मदेच्या काठावरील गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या जीवनशाळांत आरंभीच्या इयत्तांसाठी मुलांची बोली आणि त्याच भागातील तरुण शिक्षक, अशी योजना केली गेली. भाषा शिकवण्याच्या पद्धतीइतकाच हा ऐकून घेण्याचाही प्रश्न होता. आपले बोलणे गुरुजींना कळते, हे मुलाला पहिल्याच दिवशी कळावे लागते.

दुसरी खूण : चेहरा

बोलणारा गोष्ट सांगतो आणि ऐकणारा ती नुसती साठवतो, अशी आपली कल्पना असते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बावेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या कल्पनेला धक्का देतो. त्यात एकाने दुसऱ्याला, आपण एखाद्या संकटातून थोडक्यात कसे वाचलो, याची खरी हकिगत सांगायची होती. काही ऐकणाऱ्यांना वेगळे काम दिले होते : सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचे. हे लोक सांगणाऱ्याकडे पाहत होते आणि शब्द बारकाईने टिपत होते, पण योग्य जागी दचकणे, भुवया उंचावणे, "बाप रे!" म्हणणे त्यांच्याकडून फारसे होईना. परिणाम असा झाला, की सांगणाऱ्यांच्या गोष्टीच बिघडल्या. शेवटाकडे ते अडखळू लागले, तेच तेच सांगू लागले, प्रसंग खरोखर धोक्याचा होता हे पटवून देऊ लागले.

म्हणजे चांगला ऐकणारा भेटला तर माणूस चांगले बोलतो, वाईट भेटला तर त्याच माणसाचे बोलणे विसकटते. वहीत लाल खुणा करता करता "हं, बोल, माझं लक्ष आहे" म्हणणारे आपण त्या प्रयोगातील शब्द मोजणाऱ्यांसारखेच असतो. मूल काय म्हणते त्याऐवजी त्याच्या मराठीतील चुका मोजल्या, तरी तेच होते.

वेळ कोठून आणायचा?

"वर्गात साठ मुले. सगळ्यांचे ऐकत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कोण करणार?" हा प्रश्न रास्त आहे. तोच प्रश्न डॉक्टरांनाही पडतो आणि तेथे त्याचे उत्तर मोजून काढले गेले आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी ७४ तपासण्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले, की रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला मध्ये बोलत. फक्त २३ टक्के रुग्णांना आपले पहिले निवेदन पूर्ण करता आले. मध्ये न बोलल्यास रुग्ण किती वेळ बोलत राहतील? स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३३५ रुग्णांवर हे पाहिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे : सरासरी ९२ सेकंद. सुमारे पाऊणशे टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले.

वर्गाचा हिशेब याहून सोपा आहे. एका तासिकेत आपण वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला दोन्ही जागी दोन-दोन सेकंद जास्त थांबलो, तर एकूण ८० सेकंद लागतील. फळा पुसायला आणि हजेरी घ्यायला याहून जास्त वेळ जातो.

तिसरी खूण : परत देणे

थांबणे आणि चेहरा या खुणा आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. गप्प बसून मान डोलावणारा माणूस ऐकत आहे की झोपेला आला आहे, हे बोलणाऱ्याला कसे कळावे? कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यासाठी १९५१ साली एक साधा नियम सुचवला. वाद चालू असताना कोणीही आपला मुद्दा मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि ते समोरच्याचे समाधान होईल इतके अचूक असावे. परीक्षक ऐकणारा नाही, बोलणारा आहे, हे या नियमाचे मर्म.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे परत देणारे उत्तर, सल्ला आणि नुसते "हो, बरोबर" अशा तिन्ही प्रकारच्या प्रतिसादांची तुलना केली गेली. आपल्याला समजून घेतले गेले, ही भावना पहिल्या प्रकारातच सर्वांत जास्त आढळली. सल्ला मिळालेल्या लोकांनाही संभाषण समाधानाचे वाटले होते, पण समजून घेतले गेल्यासारखे तितके वाटले नव्हते. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण सल्ला देण्याची घाई आपल्याला सर्वांत जास्त असते.

येथे एक इशारा द्यायला हवा. परत देणे म्हणजे पोपटपंची नव्हे. मुलाचेच वाक्य जसेच्या तसे म्हटले, तर ते ऐकल्याची खूण होते. समजल्याची होत नाही. आपल्या शब्दांत म्हटले, तर चुकण्याचा धोका असतो. पण तो धोका हाच फायदा आहे. आपण चुकलो आणि मूल "तसं नाही, सर" म्हणाले, तर समजावे की काम होऊ लागले आहे. आपले म्हणणे दुरुस्त करण्याइतकी ज्याला आशा वाटते, त्याला आपण ऐकतो आहोत याची खात्री पटलेली असते.

वर्गाबाहेर

हे तत्त्व शाळेपुरते नाही. याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील नर्मदाकाठची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांतील एक. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पुनर्विलोकन समिती नेमली. थॉमस बर्जर हे कॅनडातील न्यायाधीश राहिलेले गृहस्थ तिचे उपाध्यक्ष होते. कॅनडाच्या उत्तर भागातील मॅकेन्झी खोऱ्यातून वायुवाहिनी न्यावी का, याची चौकशी त्यांनी १९७४ ते १९७७ या काळात केली होती. त्या वेळी ते स्वतः ३५ वस्त्यांमध्ये गेले. आदिवासी स्त्री-पुरुषांनी आपापल्या भाषांत साक्षी दिल्या आणि त्यांची भाषांतरे करून घेतली गेली. तज्ज्ञांच्या साक्षींइतकेच मोल त्यांनी या साक्षींना दिले.

मोर्स समितीनेही नर्मदा खोऱ्यातील गावांत जाऊन लोकांचे, अधिकाऱ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे ऐकले. कागदोपत्री 'अतिक्रमणदार' ठरलेली कुटुंबे ती जमीन पिढ्यानपिढ्या कसत आहेत, या गोष्टीला जून १९९२ च्या अहवालात महत्त्वाचे स्थान मिळाले. नुसते दप्तर चाळून ही बाब अशी दिसली नसती. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज नाकारले. धरणाचे काम मात्र पुढे चालले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये त्याला परवानगी दिली. धरणाच्या बऱ्यावाईटाविषयी मतभेद आहेत आणि ते येथे सोडवायचे नाहीत. आपल्या विषयापुरता बोध दुहेरी आहे. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. आणि नुसते ऐकून घेतल्याने न्याय मिळतोच असेही नाही. मात्र ज्याचे ऐकलेच नाही त्याच्याबद्दलचा निर्णय अपुऱ्या माहितीवर होतो, हे विज्ञानाच्या माणसाला तरी खटकायला हवे.

शहादा तालुक्यातील श्रमिकांच्या चळवळीतून पुढे आलेले भिली आणि मराठी कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांच्या वाचनात असेल. आदिवासींची दुःखे त्यांनाच ऐकवणाऱ्या व्यासपीठावरील मंडळींविषयी ती आहे. वर्गातील उंचवटाही एक स्टेजच आहे, हे ती वाचताना आम्हाला जाणवले.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. आपल्याच एका तासाचे वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. प्रत्येक प्रश्नानंतर आणि प्रत्येक उत्तरानंतर आपण किती सेकंद थांबलो, याची नोंद दोन रकान्यांत करावी. पंधरा दिवस मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असे मोजून थांबण्याचा सराव करावा आणि पुन्हा मोजावे. पहिल्या मोजणीने खट्टू होऊ नये. आमचीही तीच गत झाली.

२. आठवी ते दहावीच्या मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने आपल्या फजितीचा प्रसंग दोन मिनिटे सांगावा. निम्म्या ऐकणाऱ्यांना गुपचूप चिठ्ठी द्यावी : 'क'ने सुरू होणारे शब्द मोजा. नंतर सांगणाऱ्यांनाच विचारावे, "सांगताना कसे वाटले?" मग चिठ्ठीचे गुपित फोडावे. या प्रयोगाला एक पैसाही लागत नाही.

३. वर्गात मतभेद झाला, की रॉजर्सचा नियम लावावा. "तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग. ती हो म्हणाली, की मग तुझं."

४. मुलाला आपल्या बोलीत सुरुवात करू द्यावी. शिक्षकांना ती येत नसेल, तर वर्गातील दुसरे मूल अर्थ सांगेल. भाषांतर करणाऱ्या मुलाचेही मराठी त्यामुळे सुधारते.

आता त्या मुलीविषयी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वर्गात पुन्हा गेलो. काल आपण तिचे ऐकले नाही, हे आधी सांगितले आणि मग विचारले, "गडगडाट तुला कसा ऐकू येतो?" या वेळी थांबलो. तीन सेकंद किती लांब असतात, ते त्या दिवशी समजले. ती पावरीत बोलली, मैत्रिणीने मराठी केली. आम्ही आमच्या शब्दांत परत दिले : "म्हणजे तुला एकच आवाज दोनदा ऐकू येतो?"

तिने जोरात मान हलवली. "नाही. दोनदा नाही. खाली नदीपाशी लांबत जातो. वर पठारावर लवकर संपतो."

प्रतिध्वनी आणि गडगडाट यांतील फरक यापेक्षा सोप्या भाषेत आम्हाला सांगता आला नसता. पण त्या वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आम्हाला पहिलाच वाटला : "नाही."